फ्लॅट व्याजाचा हिशेब

प्रश्न : मी पापड-शेवया करून विकते. यंत्रासाठी ३०,००० रुपये हवेत. मायक्रोफायनान्सवाले वर्षाला १२ टक्के 'फ्लॅट' व्याज सांगतात. कर्ज घ्यावे का?

उत्तर : 'फ्लॅट' म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पूर्ण ३०,००० वरच. बारा मासिक हप्त्यांत व्याज ३,६०० रुपये. घटत्या शिलकीवर मोजल्यास हा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार प्रत्यक्ष वार्षिक दर तुम्हाला समजेल अशा भाषेत लेखी द्यावा लागतो. तो मागून घ्या. आधी बचत गटामार्फत बँकेत विचारा. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटातही ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळते. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत. त्या महिन्यांचा हप्ता कशातून भरणार, हे ठरल्याशिवाय सही करू नका.