परमत आणि परमती

शास्त्रचर्चेत मतभेद झाला म्हणजे आपल्या मुखातून दोन प्रकारची वाक्ये निघतात. “हे प्रमेय असे लागत नाही” हे एक, आणि “याला काही कळत नाही” हे दुसरे. पहिले वाक्य समोरच्याच्या मताविषयी आहे, दुसरे त्याच्या मतीविषयी. पहिल्यास प्रमाण द्यावे लागते. दुसऱ्यास काहीच द्यावे लागत नाही, म्हणूनच ते जिभेवर लवकर येते. हा भेद साधकाने का सांभाळावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दृष्टांतपाठातील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वांस परिचित आहे. हाती पाय लागला त्यास हत्ती खांबासारखा वाटला, कान लागला त्यास सुपासारखा. यावरून ते आंधळे मंदबुद्धी होते, असा अर्थ पुष्कळदा सांगण्यात येतो. तो युक्त नाही. प्रत्येकाने आपल्या हातास जे लागले ते बरोबरच सांगितले. एवढाच हत्ती, असे म्हणणे ही चूक झाली. तथापि यावरून सर्व मते सारखीच खरी, असेही निष्पन्न होत नाही. हत्ती एकच होता. तेव्हा अपुरे मत खोडावेच, पण अपुरे मत म्हणजे अपुरी बुद्धी असे समजू नये.

बुद्धी तीव्र असूनही ज्ञानाच्या आड येते, याचे उदाहरण आपल्या परमार्गातच आहे. म्हाइंभट मोठे विद्वान. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींशी वाद करावा, या हेतूने ते आले, आणि विद्येचा अभिमान तेथेच गळाला. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर याच म्हाइंभटांनी स्वामींचा सहवास लाभलेल्या जनांस शोधून, त्यांच्या मुखातून लीळा गोळा केल्या व आचार्य श्रीनागदेवांकडून पारखून घेतल्या. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले लीळाचरित्र हे त्या श्रमाचे फळ. बुद्धी तीच होती. पूर्वी ती इतरांस निरुत्तर करण्यात वेचली जात होती, पुढे इतरांचे ऐकण्यात वेचली गेली.

भाषेवरून मती मोजण्याची सवय त्याहून सूक्ष्म आहे. केशोबास आणि पंडित दामोदर हे संस्कृताचे व्युत्पन्न. त्यांनी संस्कृतात प्रश्न केले असता नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला. संस्कृतात निरूपण झाले तर परमार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. त्या स्त्रिया अज्ञ आहेत, असा भाव त्यात नव्हता. महदाइसा तर जिज्ञासक आणि चर्चक म्हणून वाखाणिली गेली. ज्ञान त्यांच्यापर्यंत न पोहोचणे हा भाषेचा दोष ठरला असता, त्यांच्या मतीचा नव्हे.

आजही हेच घडते. वसई भागात सामवेदी, वाडवळी, आगरी, कोळी अशा बोली नांदतात. तेथील होळीच्या बाजारात भाजी विकणारी एखादी बाई चार गिऱ्हाइकांचा हिशोब तोंडी करते, पण तिची बोली पुस्तकी नाही एवढ्यावरून शिकलेला माणूस तिला अडाणी ठरवितो. बुद्धीचे शास्त्रीय मापन करणाऱ्यांनाही ही अडचण आली. पॅरिस येथे १९०५ साली बिने व सिमाँ यांनी, शाळेत विशेष साहाय्य लागणारी मुले ओळखण्यासाठी, कसोट्या तयार केल्या. त्या आपल्याकडे जशाच्या तशा चालेनात. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांना त्या मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसवाव्या लागल्या. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे मापच बदलावे लागते, तेथे एका वाक्यात कोणास मूढ ठरविणे किती धाडसाचे!

या बाबतीत सर्वांत गंभीर बोध ऋद्धिपूरच्या चरित्रात आहे. श्रीगोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत. मुलांसमवेत खेळणे, अकस्मात हसणे, अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जाणे व तेथील अन्न घेणे, हे लौकिक मापात बसत नव्हते. ज्यांना आपण परमेश्वर अवतार मानतो, त्यांच्याविषयी जनांचा निर्णय ‘वेडे’ असा झाला. परंतु त्याच गावचे लोक संकटात त्यांनाच माय-बाप मानून त्यांच्याकडे धावत. जिभेचा निर्णय एक आणि अंतःकरणाचा दुसरा. जीव अविद्येने बद्ध आहे. त्याने दुसऱ्याच्या अंतरंगाविषयी दिलेल्या निकालाची योग्यता यावरून ओळखावी.

मग मतभेद उरलाच तर काय करावे? पूर्वजांनी वाट घालून दिली आहे. लीळांच्या पाठांत भेद आढळला, तेव्हा निरनिराळे पाठ त्या त्या नावाने जतन झाले. त्यांत हिराइसेचाही पाठ आहे. तिची स्मरणशक्ती असामान्य होती. “बाईच्या आठवणीचा काय भरवसा” असे म्हणून कोणी तो पाठ टाकला असता, तर हानी हिराइसेची नव्हे, आपली झाली असती.

यावरून आचार एवढाच. भिक्षुकाने वासनिकाच्या साध्या प्रश्नास हसू नये, आणि शिकलेल्या तरुणाने वृद्ध उपदेशी बाईचे निरूपण ‘जुने’ म्हणून सोडू नये. समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत प्रथम आपण सांगावे. मग हवे तर प्रमाण देऊन खोडावे. इतके करूनही तो न पटला, तर “आमचा भेद राहिला” असे म्हणून उठावे. “त्याला कळत नाही” असे म्हणून उठणाऱ्याचे ऐकणे तेथेच संपते, आणि ज्याचे ऐकणे संपले त्याचे अध्ययनही संपले. हानी वाचिक हिंसेपुरती राहत नाही. ज्याला मूढ म्हटले, तो पुन्हा प्रश्न विचारावयास येत नाही. प्रश्न येईनासे झाले की शास्त्र पोथीत उरते, मार्गात नाही.