ज्योतीपासून थंडावा : गॅसवरील संयुक्त शीत-उष्ण यंत्राचा आरंभ व तपासणी

आपल्या सभासदांपैकी कित्येकांची पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर निवासगृहे आहेत. कित्येकांची तुये व डिचोली येथील औद्योगिक वसाहतींत माल साठविण्याची आणि वेष्टनाची कामे चालतात. एका बाजूस खोल्यांना वा कोठारांना थंडावा हवा, दुसऱ्या बाजूस धुण्यास व स्नानास ऊन पाणी हवे, अशी दुहेरी गरज या सर्वांना असते. ही दोन्ही कामे गॅसच्या एकाच ज्योतीवर करणारी यंत्रे आता आपल्याकडे मिळू शकतात. पुण्याची थरमॅक्स कंपनी या जातीची शोषण-यंत्रे बनविते. २०१३ साली दाभोळ-बंगळूर वायुवाहिनी सुरू झाली, तिची शाखा गोव्यात आली, आणि उत्तर गोव्यात नळीने गॅस पुरविण्याचे काम गोवा नॅचरल गॅस या कंपनीकडे आले. त्यामुळे हा विषय केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. यंत्र घेणारा व्यापारी ते स्वतः दुरुस्त करणार नाही हे खरे. परंतु ते सुरू कसे होते आणि ते ठीक आहे की नाही हे कशावरून ओळखावे, एवढे मालकाला कळलेच पाहिजे.

अग्नीने थंडावा कसा मिळतो, ही शंका प्रथम येते. ही कल्पना नवी नव्हे. फर्दिनां कारे या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली अमोनिया व पाणी यांवर चालणाऱ्या शोषण-यंत्राचे पेटंट घेतले होते. १९२२ साली फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोघा स्वीडिश विद्यार्थ्यांनी ज्योतीवर चालणारे घरगुती शीतकपाट सिद्ध केले. आपल्या यंत्रात मात्र अमोनिया नसून पाणी आणि लिथियम ब्रोमाइड नावाचे क्षार असते. हवा काढून टाकलेल्या पात्रात दाब पाऱ्याच्या सहा-साडेसहा मिलिमीटरइतका उतरला, म्हणजे पाणी ४-५ अंशांवरच उकळू लागते आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता शेजारच्या नळ्यांतील पाण्यातून ओढून घेते. ते नळ्यांतील पाणी १२ अंशांवरून ७ अंशांवर येऊन आपल्या खोल्यांकडे जाते. उत्पन्न झालेली वाफ क्षाराचे तीव्र द्रावण शोषून घेते. द्रावण त्यामुळे पातळ होते, आणि ज्योतीचे काम एवढेच की त्यातील पाणी पुन्हा उकळून वेगळे करावयाचे. हीच वाफ उष्णतेच्या कामी वळविली की ५५-६० अंशांचे ऊन पाणी मिळते. बर्फ पाडणे किंवा मासळी गोठविणे या यंत्राने होत नाही. तो प्रश्न आपल्या सभासदांपुढे अर्थातच नाही.

आता थोडा हिशेब. थंडाव्याचा एक टन म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी उष्णता काढून नेणे. ३० टनांचे यंत्र ताशी सुमारे ९०,७०० किलोकॅलरी काढते. दोन टप्प्यांत उकळणाऱ्या चांगल्या यंत्रात गॅसच्या उष्णतेच्या सुमारे १.२ पट थंडावा मिळतो, म्हणून गॅसची उष्णता ताशी ७५,६०० किलोकॅलरी लागेल. म्हणजे नळीचा गॅस सुमारे ९ घनमीटर, अथवा बाटल्यांतील गॅस ७ किलो. पूर्ण भाराने आठ तास चालविल्यास १९ किलोच्या तीन बाटल्या संपतील. याखेरीज कुलिंग टॉवरमध्ये ताशी २८० लिटरांहून अधिक पाणी वाफ होऊन जाते. विजेच्या यंत्राला यापेक्षा बरेच कमी पाणी पुरते; तिळारीच्या कालव्यावर भिस्त ठेवणाऱ्या पेडणेकराने खरेदीपूर्वीच याचा विचार करावा. विक्रेते विजेची बचत सांगतात, पाण्याचा खर्च सहसा सांगत नाहीत.

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म पहिले आहे. आपला अग्नी हा धंदा नसून साधन आहे, असा युक्तिवाद करता येईल. तो वाद मी विद्वानांवर सोपवितो. परंतु अग्नी वापरावयाचाच तर यतनेने वापरावा, याविषयी दुमत होऊ नये. येथे यतना म्हणजे यंत्रगृहात वावरणाऱ्या कामगाराच्या जिवाची काळजी होय.

सकाळी यंत्रगृहाचे दार उघडताच प्रथम वास घ्यावा. गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेरची मुख्य तोटी बंद करावी आणि माणसांना दूर न्यावे. वास नसला तरी सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहण्याचा आठवड्याचा नेम ठेवावा. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अद्याप आढळतात. अशा माणसाला यंत्रगृहाची किल्ली देऊ नये.

त्यानंतर क्रम असा. प्रथम थंड पाण्याचा पंप, मग टॉवरच्या पाण्याचा पंप व पंखा. दोन्ही प्रवाह नीट वाहू लागल्याची खात्री झाल्याविना ज्योत पेटवू नये. गॅसचा दाब यंत्रावरील पट्टीत लिहिलेल्या दाबाशी ताडून पाहावा. बटण दाबल्यावर बर्नरचा पंखा काही वेळ नुसती हवा फेकतो. भट्टीत साचलेला गॅस बाहेर घालविण्यासाठी ही योजना आहे, तेव्हा उतावीळपणे ती चुकविण्याची युक्ती कोणी सुचविल्यास ऐकू नये. मग ज्योत पेटते. काही क्षणांत न पेटल्यास झडप आपोआप मिटते. पुन्हा एकदा प्रयत्न करावा. दुसऱ्यांदाही तसेच झाले तर तंत्रज्ञास बोलवावे. बटण वारंवार दाबणे म्हणजे भट्टीत गॅस भरणे होय. ज्योत निळी व स्थिर असावी. पिवळी ज्योत म्हणजे हवा अपुरी, काजळी आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड. थंडावा लगेच मिळत नाही. अर्धा तास वाट पाहावी.

यंत्राचा खरा शत्रू आहे आत शिरलेली हवा. निर्वातता बिघडली की थंडावा घटतो आणि आतील लोखंड गंजू लागते. हवा काढण्याच्या नळीचे टोक पाण्यात धरून बुडबुडे मोजण्याची साधी रीत आहे. ते वरचेवर व वाढत्या संख्येने येऊ लागले तर गळती शोधण्यास विलंब करू नये.

दुसरे संकट पावसाळ्यातील. द्रावण तीव्र व उष्ण असताना वीज गेली तर पंप थांबतात, द्रावण निवते आणि क्षाराचे खडे होऊन नळ्या तुंबतात. वादळी रात्री तारेवर झाड पडणे आपल्याकडे नवलाचे नाही. म्हणून आतील पंपांपुरता तरी जनित्राचा आधार अवश्य ठेवावा. बंद करतानाही हेच ध्यानात ठेवावे. ज्योत विझल्यावर पंप पंधरा-वीस मिनिटे चालून द्रावण पातळ करतात. दुकान बंद करण्याच्या घाईत मुख्य खटका खाली ओढणारा नोकर मालकाचे मोठे नुकसान करतो.

टॉवरच्या पाण्याविषयी आपल्या घरांना फार सांगणे नको. जेथे पिण्याचे पाणी गाळल्याविना घेत नाहीत, तेथे यंत्राला तांबड्या मातीचे गढूळ पाणी पाजू नये. विहिरीच्या पाण्यातील लोह तपासून घ्यावे, गाळणी दर आठवड्यास उघडावी, आणि नळ्या वर्षातून एकदा घासून घ्याव्यात.

ही सर्व निरीक्षणे रोजकीर्दीसारखी वहीत उतरवावीत. कंपनीचा अभियंता यंत्र प्रथम सुरू करून देतो तेव्हाचे आकडे त्याच्या सहीनिशी घ्यावेत. तीच आरंभीची शिल्लक. पुढे ताळा सोपा आहे. ताशी १८,००० लिटर पाणी ५ अंशांनी थंड झाले, तर ९०,००० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ ३० टन पदरात पडले. तेवढ्याच प्रवाहात फरक ३ अंशांवर आला, तर १८ टनच मिळतात. गॅसचे बिल मात्र त्या प्रमाणात उतरत नाही.

बाटल्यांवरून नळीच्या गॅसवर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. दोहोंचा दाब व उष्णता निराळी, म्हणून बर्नरची जेट बदलून जुळणी नव्याने करावी लागते. बाटलीतील गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. नळीचा गॅस हलका, तो छताकडे चढतो. गळतीची सूचना देणारा संवेदक पूर्वी जमिनीजवळ बसविलेला असेल, तर गॅस बदलेल त्याच दिवशी तो छताजवळ हलवून घ्यावा, आणि छतालगतची हवेची झरोकेही उघडी आहेत ना ते पाहावे.