शेतकरी, जोडधंदा आणि सरकारी हमीचे कर्ज

आपल्या महाविद्यालयातील बरेच विद्यार्थी शेतकरी कुटुंबातून येतात. घरी जोडधंद्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो : शेतकऱ्याला धंद्यासाठी सरकारी हमीचे कर्ज मिळते काय? कोणी म्हणतो, शेतकऱ्याला ते मिळतच नाही. कोणी म्हणतो, शेतकरी म्हणून मिळायलाच हवे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पैसा कोणत्या कामाला लागणार, हे येथे आधी पाहिले जाते.

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री मुद्रा योजना घ्या. ती उत्पादन, व्यापार व सेवा या क्षेत्रांतील बिगरशेती धंद्यांसाठी निघाली. २०१६-१७ पासून दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, मत्स्यपालन, मधमाशीपालन, शेतमालाची प्रतवारी व प्रक्रिया हे शेतीला जोडून येणारे धंदेही तीत आले. पीककर्ज, विहीर, कालवा, जमीन-सुधारणा ही कामे मात्र तीत बसत नाहीत.

ऊस लावायला पैसे हवे असतील तर ते पीककर्ज. त्यासाठी १९९८ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय आहे. त्याच उसाचा गूळ करण्यासाठी गुऱ्हाळ घालायचे, तर तो प्रक्रिया-उद्योग झाला. त्यासाठी मुद्रा कर्जाचा अर्ज करता येतो. शेतकरी तोच, ऊसही तोच. काम बदलले की कर्जाचा प्रकार बदलतो.

या कर्जाच्या पायऱ्या अशा : शिशु ५० हजार रुपयांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंतची सोय झाली आहे. १० लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचे नाही. याचे महत्त्व मोठे आहे. जमिनीच्या उताऱ्यावर घरातील बाईचे नाव बहुधा नसते; तरी दोन म्हशी घेऊन दुधाचा धंदा करण्यासाठी तिला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो.

आता ‘हमी’ या शब्दाविषयी. ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. कर्ज बुडाले तर हमी निधीतून बँकेला काही भरपाई मिळते. कर्जदाराचे देणे मात्र संपत नाही, वसुली चालूच राहते. ‘सरकारी कर्ज आहे, पुढे माफ होईल’ या भरवशावर घेतलेला पैसा घर अडचणीत आणतो. शिवाय पात्र असणे म्हणजे कर्ज मंजूर होणे नव्हे. बँक धंद्याचा हिशेब पाहते आणि अर्जदार कोठे थकबाकीदार आहे काय, हेही तपासते. म्हणजे पीककर्जाची थकबाकी पुढे गुऱ्हाळाच्या आड येऊ शकते.

तेव्हा विद्यार्थी-मित्रांनी एवढे करावे : वडीलधाऱ्यांसोबत बसून धंद्याचा खर्च, उत्पन्न व हप्ता कागदावर मांडावा आणि थेट बँकेत जावे. मुद्रा योजनेत दलाल नेमलेले नाहीत. हप्ता भरून घरखर्चाला काही उरत नसेल, तर पात्रता असूनही कर्ज न घेणेच शहाणपणाचे.