आजीच्या ओव्या आणि एक मॉड फाइल

आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची! टेक्निकल विषय आहे, इंग्रजी विभागात दे असं रूममेट म्हणाली. पण ज्या व्हिडिओवरून हे सगळं सुरू झालं त्यात आजी जात्यावर ओव्या म्हणते. ते इंग्रजीत कसं लिहिणार?

आमचं गाव घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई. परळीहून लातूर रोडला जाणाऱ्या लाइनवरचं स्टेशन. काकांनी २००५ मध्ये हँडीकॅम घेतला होता. (हँडीकॅम हे खरं तर सोनीचं नाव, पण आपल्याकडे सगळ्याच व्हिडिओ कॅमेऱ्यांना तेच म्हणतात, झेरॉक्ससारखं.) कॅसेट नाही, आत हार्ड डिस्क असलेला, तेव्हाचा एकदम लेटेस्ट. त्यावर डिसेंबर २००५ मध्ये आत्याचं लग्न आणि एप्रिल २००६ मध्ये माझं बारसं शूट झालं. मी शाळेत जायच्या आधीच आजी गेली. तिचा आवाज मला आठवत नाही.

घरात सगळ्यांकडे त्या ओव्यांची एक क्लिप आहे. दादाने कधीतरी जुन्या मोबाइलसाठी बनवलेली थ्रीजीपी फाइल, तीच फिरत फिरत व्हॉट्सअ‍ॅपवर आली. चित्र १७६ बाय १४४ पिक्सेलचं. मूळ पाल व्हिडिओ ७२० बाय ५७६ चा असतो. गुणाकार करून बघा, जवळजवळ सोळापट फरक! पण खरं नुकसान आवाजाचं. थ्रीजीपीमध्ये आवाज बहुतेक वेळा एएमआर कोडेकमध्ये असतो. हा कोडेक फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला, सेकंदाला ८००० सॅम्पल घेणारा. नायक्विस्ट सगळ्यांना आठवत असेल (नसेल तर सरांना सांगणार नाही), म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं काही त्यात मावतच नाही. बांगड्यांची किणकिण गेली. शिवाय एएमआर माणसाच्या गळ्याचं मॉडेल धरून चालतो, त्यामुळे जात्याची घरघर त्याला कळत नाही. आमच्या क्लिपमध्ये आजी पाण्याखालून गाते आहे असं वाटतं. आणि हे कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. जे फेकून दिलं ते गेलं.

म्हणून दिवाळीत गावी गेल्यावर मूळ फाइल शोधायचं ठरवलं. माळ्यावर काकांचा जुना सीपीयू होता. काका म्हणाले, "घेऊन जा की, न्हाईतरी भंगारातच द्यायचा हाय." एक्सपी सुरूच होईना. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स बूट केलं आणि ८० जीबीच्या डिस्कमध्ये फोल्डर सापडले. त्यात एमओव्ही००९.मॉड, एमओव्ही००ए.मॉड अशी नावं. नऊनंतर ए! हे कॅमेरे फाइलला नंबर हेक्साडेसिमलमध्ये देतात हे तेव्हा कळलं.

आता मुद्द्याचं. .मॉड ऐकून घाबरू नका. फाइलचं शेवटचं नाव म्हणजे फक्त डब्यावरची चिठ्ठी. डबा म्हणजे कंटेनर आणि आतली भाजी म्हणजे कोडेक. मॉडच्या आत साधा एमपेग-२ व्हिडिओ असतो, म्हणजे डीव्हीडीत असतो तोच, आणि आवाज बहुधा एसी-३. गोंधळ असा की जुन्या अमिगा कॉम्प्युटरवरच्या संगीताच्या फाइल्सनाही .मॉडच म्हणत, त्यामुळे काही प्लेअर ही गाण्याची फाइल समजून गडबडतात. नाव बदलून .एमपीजी केलं की बऱ्याचदा काम होतं, कारण आत खरोखर एमपेगच आहे. पण म्हणून नाव बदलणं म्हणजे कन्व्हर्ट करणं नाही. २००६ नंतरच्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांच्या .एमटीएस फाइलला .एमपी४ नाव दिलंत तर आत तसूभरही फरक पडत नाही. भाजी तीच, चिठ्ठी खोटी.

प्ले करायला व्हीएलसी पुरतं. हे सॉफ्टवेअर १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून सुरू झालं. कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघायला मिळावा एवढीच इच्छा. आपल्या हॉस्टेलच्या वाय-फायची अवस्था बघता आपल्याकडेही काहीतरी महान निर्माण व्हायला हरकत नाही!

व्हीएलसीमध्ये लावल्यावर दोन गोष्टी खटकल्या. एक, आजी फारच उंच आणि बारीक दिसत होती. व्हिडिओ १६:९ चा होता, पण फाइलमध्ये तसं लिहिलेलंच नव्हतं, म्हणून प्लेअर ४:३ धरून दाबून दाखवत होता. अ‍ॅस्पेक्ट रेशो बदलला की आजी परत आजी झाली. दुसरं, जात्याचा खुंटा फिरवताना तिच्या हाताला कंगव्यासारखे दात दिसत होते. हे इंटरलेसिंग. जुन्या टीव्हीसाठी एका फ्रेमच्या विषम ओळी आधी आणि सम ओळी नंतर, अशा सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम घेतल्या जायच्या. जुन्या डबा टीव्हीवर ते छान दिसायचं, पण कॉम्प्युटर दोन्ही अर्धे एकदम दाखवतो आणि मधल्या वेळात हात पुढे सरकलेला असतो. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूमध्ये डीइंटरलेस चालू करा, मोड याडिफ ठेवा. दात जातात.

कन्व्हर्टचे दोन प्रकार आहेत आणि लोक इथेच चुकतात. पहिला, भाजी तशीच ठेवून फक्त डबा बदलणे, याला रीमक्स म्हणतात. एफएफएमपेगमध्ये कोडेकच्या जागी 'कॉपी' लिहिलं की काही सेकंदांत काम होतं आणि एक बिटही बिघडत नाही. दुसरा, भाजी नव्याने शिजवणे, म्हणजे एच.२६४ मध्ये री-एन्कोड. मोबाइलवर बघायला हे लागतं, पण प्रत्येक वेळी थोडं काहीतरी गळतं. मी सीआरएफ १८ ठेवला, याडिफ लावला आणि रुंदी १०२४ केली. ज्यांना कमांड लाइनची भीती वाटते त्यांनी हँडब्रेक वापरा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबतंच.

एवढं शहाणपण शिकवते आहे, पण माझी चूकही सांगायला हवी. प्रत्येक मॉडच्या शेजारी त्याच नावाची एक छोटीशी .एमओआय फाइल असते. किलोबाइटमध्ये सगळा कारभार, उघडतही नाही. मला वाटलं कचरा. मी फक्त मॉड तेवढ्या कॉपी केल्या. त्याही साध्या सीपी कमांडने, 'मायनस पी' न लावता, त्यामुळे सगळ्या फाइल्सवर त्या दिवसाची तारीख पडली. दुसऱ्या दिवशी डिस्कने टक-टक आवाज केला आणि ती जी बंद पडली ती पडलीच. हॉस्टेलला आल्यावर वाचलं की शूटिंगची तारीख-वेळ त्या एमओआयमध्येच लिहिलेली असते.

तारखेचं एवढं काय? तर ओव्यांच्या त्या क्लिपमध्ये मागे एक तान्हं बाळ रडतंय. थ्रीजीपीत ते ऐकूच येत नव्हतं, मूळ फाइलमध्ये स्पष्ट येतं. बाबा म्हणतात, ही आत्याच्या लग्नातली हळद दळतानाची क्लिप, म्हणजे बाळ म्हणजे माझा चुलत भाऊ. मी तेव्हा जन्मलेच नव्हते. काकू म्हणतात, छे, बारशाच्या आदल्या दिवशी डाळ भरडत होत्या, ते रडणं हिचंच. जात्यातून पडणारं पिवळं दिसतंय, पण हळदही पिवळी आणि हरभऱ्याची डाळही पिवळी! फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये एकटीच होती, त्यामुळे आजूबाजूच्या क्लिपवरूनही कळत नाही. चार अक्षरांची तारीख हवी होती, ती मीच मागे सोडून आले.

संक्रांतीला गेले तेव्हा टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून सगळ्यांना दाखवली. काकू पदर लावून बसल्या होत्या. ओवी संपते तिथे लांबून रेल्वेची शिट्टी येते. काका म्हणाले, "थांब, मागं घे." दोनदा ऐकलं. मग म्हणाले, "परळीकडची गाडी हाय. म्हंजी दुपार." तारीख नाही, पण वेळ मिळाली. त्या वेळी बारशाचं घर झोपलेलं असतं की लग्नाचं, यावरून बाबांचं आणि काकूंचं परत सुरू झालं.

कोणाच्या घरी असा जुना सीपीयू पडून असेल तर आयडीई-यूएसबी केबल माझ्याकडे आहे. रविवारी मेसनंतर भेटा. मोकळा पेन ड्राइव्ह आपला आपण आणा, आणि छोट्या फाइल्सना हात लावू नका.