परवाना अण्णांचा होता

माझे वडील, अण्णा, गेले २०२३ च्या दिवाळीत. तेरावा झाला, तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला, बँक आणि विम्याची कागदपत्रं मार्गी लावली. माजघरातल्या खुंटीवरची दुनळी बंदूक मात्र कुणाच्या डोक्यातच आली नाही. आजोबांच्या, म्हणजे आबांच्या काळापासून ती तिथेच होती. खंडेनवमीला अण्णा ती खाली काढायचे, तेलाचा बोळा फिरवायचे आणि कोयता, विळा, पहार यांच्या शेजारी पाटावर ठेवून हळदकुंकू नि झेंडूची फुलं वाहायचे. दसरा झाला की पुन्हा खुंटीवर. घरातल्या पाट्यावरवंट्यासारखीच ती आमची, अशी सगळ्यांची समजूत.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातून फोन आला. "अण्णा आहेत का? बंदूक जमा करायची राहिलीय."

अण्णांना जाऊन चार महिने झाले, असं मी सांगितलं. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग विचारलं, "मग बंदूक कुणाकडंय?"

"घरीच आहे," मी म्हणालो. हे उत्तर किती महागात पडू शकलं असतं, ते ठाण्यात गेल्यावर कळलं.

बंदूक वारशानं येते, परवाना येत नाही. परवाना माणसाच्या नावचा असतो आणि त्या माणसाबरोबरच संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं २१ वं कलम सांगतं की, हत्यार बाळगणं ज्या क्षणी कायदेशीर राहत नाही, त्यानंतर विनाकारण उशीर न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. आम्ही चार महिने विनापरवाना बंदुकीखाली झोपत होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. आमच्या बाबतीत अण्णांचा मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना पाहून हवालदारांनी समजुतीनं घेतलं. सगळ्यांच्या वाट्याला असा माणूस येईलच असं नाही, म्हणून हे लिहितोय.

ठाण्यात हवालदारांनी पहिली गोष्ट केली ती अशी: बंदूक हातात घेतली, तोंड भिंतीकडं केलं, खटका सरकवून ती मोडली आणि दोन्ही नळ्यांतून उजेडाकडं पाहिलं. "आधी मोडायची, मग बोलायचं," ते म्हणाले. नळ्या रिकाम्या होत्या. पण त्या रिकाम्या आहेत हे तोवर मी कधी पाहिलंच नव्हतं. खंडेनवमीला माझी मुलगी त्याच बंदुकीसमोर मांडी घालून फुलं वाहायची. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आजीच्या जुन्या डब्यात कागदी वेष्टणाची सात काडतुसं निघाली, दमटपणानं फुगलेली. तीही लगेच जमा केली. काडतुसांनाही परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आणखी एक गैरसमज गावोगाव ऐकतो, की जुनी बंदूक म्हणजे शोभेची वस्तू, तिला कसला आलाय परवाना. कायद्यानं सूट आहे ती पुराणवस्तू म्हणावी अशा किंवा मोडक्या हत्याराला, आणि तीही दुरुस्त करूनसुद्धा बार उडणार नाही अशा. आमची दुनळी तेल घातल्यावर खट्‌कन मिटत होती.

मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत खेटे सुरू झाले. वारस म्हणून माझा अर्ज, आईचं आणि ताईचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, मग पोलिसांची चौकशी. वर्ष उलटून गेलं. सगळ्यात चुटपूट लागली ती एका नियमाची. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, की त्याच्या हयातीतच परवाना वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. अण्णा एक्क्याऐंशीचे होते. नियम आल्यापासून सात वर्षं आमच्या हातात होती! ज्यांच्या घरी वडीलधारं माणूस आणि बंदूक दोन्ही आहेत, त्यांनी याच महिन्यात त्यांच्याजवळ बसून परवाना उघडावा. मुदत कधी संपते, राष्ट्रीय नोंदीतला यूआयएन क्रमांक पडलाय का, परवान्यावरचा आणि बंदुकीवरचा नंबर जुळतो का, एवढं तरी पाहावं.

परवाना हातात आल्यावर बंदूक सोडवली आणि तपासायला पुण्याच्या एका शस्त्रविक्रेत्याकडे नेली. आमच्या घरात सांगत आले होते की, भिंगारच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबानं खूश होऊन ही पणजोबांना दिली, विलायतेची आहे. कारागिरानं पुढचं लाकूड काढलं, नळ्या दस्त्यापासून सोडवल्या आणि पालथ्या करून भिंग माझ्या हातात दिलं. लंबगोलात ई-एल-जी अशी अक्षरं, वर इवलासा मुकुट. ती बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीघराची मोहोर. मुकुट आहे म्हणजे १८९३ नंतरची. लिएजहून त्या काळी स्वस्त बंदुका जगभर जात. साहेबानं दिली की आणखी कुठून आली कोण जाणे, पण विलायतेची नव्हती. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली आमच्या नगरला ओतली गेली, हे मला शाळेपासून पाठ. घरच्या खुंटीवरची नळी कुठं घडली, ते पन्नाशी उलटल्यावर कळलं.

कारागिरानं नळीचा एक कोपरा पुसला तेव्हा मळाखालून लाकडाच्या शिरांसारखी बारीक नक्षी वर आली. दमास्कस नळी. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेली. दिसायला फार देखणी. पण तिच्यात अंगभर सांधे असतात आणि आतून गंज कुठवर गेलाय ते वरून दिसत नाही. ती घडली काळ्या दारूच्या काळात. आजच्या धूररहित दारूचा दाब तिला पेलेलच असं नाही. फाटली तर फाटते ती डाव्या हाताच्या पंजापाशी.

दुसरा धोका त्याहून फसवा. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक बसेल एवढी नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. पण काडतूस बसतं त्या घराची लांबी बंदुकीगणिक वेगळी. आमचं घर ६५ मिलिमीटरचं. आज सर्रास मिळणारं ७० चं काडतूसही त्यात बिनबोभाट बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की ती घडी उलगडून नळीच्या अरुंद भागात शिरते आणि दाब एकदम चढतो. बसलं म्हणजे चालतं, असं इथं नाही. माझ्या चुलतभावानं अण्णांच्या वर्षश्राद्धाला गच्चीवरून दोन बार काढू या म्हणून हट्ट धरला होता. बंदूक तेव्हा ठाण्यात होती, हे आमचं नशीब.

घरी आल्यावर आबांचा जुना फोटो शोधला. आबा उभे, हातात हीच दुनळी, पायाशी दोन काळवीट. तेव्हा एमआयडीसी नव्हती; सीना नदीच्या पलीकडं नुसतं माळरान. आजी माळढोकाच्या कालवणाचीही आठवण सांगायची. १९७२ ला वन्यजीव कायदा आला, १९७९ ला माळढोकासाठी आणि १९८० ला रेहेकुरीला काळवीटांसाठी अभयारण्य झालं. आबांवर माझा फार जीव होता. तरी त्या फोटोकडं आता मला अभिमानानं पाहता येत नाही आणि तो फाडवतही नाही.

बंदूक आता कुलपाच्या लोखंडी कपाटात आहे, नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. किल्ली माझ्याकडं. काडतूस एकही घेतलेलं नाही. कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवलंय: बंदुकीचा नंबर, परवान्याची मुदत, लिएजची मोहोर, घर ६५ मिलिमीटर, दमास्कस नळी, बार काढू नये. खाली लेकीसाठी एक ओळ लिहिलीय, की माझ्यानंतर पहिल्या आठवड्यात ठाण्यात जाऊन जमा कर, मग बाकीचं बघ. आबांचा फोटोही त्याच कपाटात ठेवलाय.