मान ढळते तेव्हा

गेल्या कार्तिकात तामसीची एक तरुण माता तापलेले मूल घेऊन माझ्याकडे आली. मुलाला साधे पडसे होते. माझे लक्ष आईकडेच गेले. बोलताना तिने हनुवटीला हाताचा टेकू दिला होता. सकाळी मान धरते, कापूस वेचून दिवस मावळला की ढळते, पापण्याही मिटू लागतात, असे ती म्हणाली. घरच्यांच्या मते हा कामचुकारपणा!

हा मायस्थेनिया ग्रेव्हिस. स्नायूवरील अॅसिटिलकोलीनचे रिसेप्टर शरीराचीच प्रतिपिंडे निकामी करतात; म्हणून श्रमाने शक्ती घटते, विश्रांतीने परतते. मण्यारीच्या दंशानेही पापण्या व मान पडते, पण काही तासांत. महिनोन्महिने सायंकाळी नव्हे. कुरारीच्या विषबाधेशी या रोगाचे साम्य हेरून 1934 मध्ये मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिन दिले. आजचे पायरिडोस्टिग्मिन त्याच कुळातले.

व्यवसायबंधूंना विनंती, अशा रुग्णास तापासाठी जेन्टामायसिन टोचू नये. श्वासाचे स्नायूही थकतात. उताण्या रुग्णास मान उचलता येत नसेल, तर एका श्वासात आकडे मोजायला सांगावे. पंधरापर्यंतही मजल जात नसेल, तर व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे.

तिची प्रतिपिंडांची तपासणी होकारार्थी आली. पुढील लसीकरणास आली तेव्हा मूल तिच्या दोन्ही हातांत होते.