टाका मारण्याआधी

आमच्या जीपची पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली आहे. त्या टाकीवर बसूनच घरातल्या दोन पिढ्या गाडी चालवायला शिकल्या. म्हणजे ती कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. तरीही त्या मे महिन्यात टाकी जागच्या जागी ठेवून, तिच्यापासून दोन हातांवर मी वेल्डिंग सुरू केलं. गाडी वाचली आणि मीही वाचलो, ते आईमुळे. जुन्या गाडीचा कुजलेला पत्रा स्वतःच्या हातानं बदलायचं ज्याच्या मनात आहे, त्यानं मशीन चालू करण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहितो आहे.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. विलीज कंपनीनं हे मॉडेल १९५३ साली आणलं. त्यातलं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. पुढे महिंद्रानं परवाना घेऊन ही जीप आपल्याकडे कित्येक वर्षं बनवली. आमची आजोबांनी जुनीच घेतली होती. दापोलीजवळच्या आमच्या गावात ती वर्षानुवर्षं बागेतून आंब्याच्या पेट्या वाहत आली. इंजिन अजून एका हाकेत चालू होतं. कुजला तो पत्रा. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि पायाखालच्या रबरी मॅटनं धरून ठेवलेली ओल. लोखंडापेक्षा गंजाला जास्त जागा लागते, म्हणून आधी रंगाला फोड येतात. आम्ही ते फोड दोनतीन वर्षं नुसते पाहत होतो. एके दिवशी बाबांची टाच फ्लोअरमधून आरपार गेली.

मी पुण्याहून सुटीला येताना आर्क वेल्डिंगचं एक छोटं इन्व्हर्टर मशीन विकत घेऊन आलो. दोन दिवस भंगाराच्या पट्ट्यांवर सराव केला. त्या पट्ट्या चांगल्या पाच मिलिमीटर जाडीच्या होत्या. जीपच्या फ्लोअरचा पत्रा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, आणि गंजानं खाल्लेला तर कागदासारखा. हा फरक मी लक्षातच घेतला नाही.

पहिली चूक पत्रा निवडण्यात झाली. पुन्हा गंज नको म्हणून मी जीआय पत्रा आणला. त्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि लोखंड वितळायला साधारण १,५०० अंश लागतात. म्हणजे सांधा जुळण्याच्या कितीतरी आधी जस्ताचा धूर होऊन तो नाकात जातो. पडवीत, बंद जागेत मी तो पांढरा धूर दुपारभर घेतला. रात्री हुडहुडी भरली, ताप चढला, तोंडाला धातूची चव आली, अंग ठणकू लागलं. हा धातूच्या धुराचा ताप. तो बहुधा एकदोन दिवसांत उतरतो, माझाही उतरला. वेल्डिंग करणाऱ्यांत दूध प्यायची पद्धत आहे. आईनंही पेलाभर दिलं. पण फुप्फुसात गेलेला धूर दुधानं निघत नाही. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना गाठायचा.

दुसरी चूक गंजावरच ठिगळ लावण्याची. भोकावर पत्रा ठेवला आणि कडेनं रॉड ओढत गेलो. अडीच मिलिमीटरचा रॉड, नव्वद अँपिअर. एक भोक बुजवताना शेजारी दुसरं पडत होतं. ते बुजवायला मी आणखी रॉड जाळत होतो.

तिसऱ्या दिवशी आग लागली. टाकीतलं पेट्रोल मी काढलं होतं, तेवढ्यावर निश्चिंत होतो. गाडीखाली, फ्रेमच्या कोनाड्यात, ग्रीस मिसळलेला चिखल आणि बागेतला वाळका पाला साचला होता. नव्या पडलेल्या भोकातून ठिणग्या त्यावर पडल्या. हेल्मेट खाली घेतलं की आर्कच्या टिपक्यापलीकडे काही दिसत नाही. रबर जळल्याचा वास आला. तो कामाचाच असेल असं समजून मी हातातला रॉड संपवत राहिलो. आई विहिरीकडून येत होती. "अरे, खाली जाळ झालाय!" एवढं ओरडून तिनं अंगणातल्या वाळूच्या ढिगातून घमेलं भरलं आणि गाडीखाली फेकलं. मग दुसरं, मग तिसरं. विझल्यावर मी खाली वाकून पाहिलं. पेट्रोलच्या नळीचं रबरी टोक वितळून मऊ झालं होतं.

त्या संध्याकाळी मी गावातल्या डेंटर मिस्त्रींकडे गेलो. या कामात त्यांची चाळीसेक वर्षं गेली असतील. ते आले, माझ्या ठिगळाच्या कडेला त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तळव्यानं ठोकला. तो मुठीपर्यंत आत गेला. "सांधा धरायला खाली लोखंड तर पाहिजे ना, बाळा," ते म्हणाले. मग माझं तीन दिवसांचं काम आम्ही कापून काढलं. पुढचे पाच दिवस त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. त्यांतल्या साडेतीन दिवसांत मशीन चालूच केलं नाही. काय शिकलो ते सांगतो.

गाडी मोकळी करा. पेट्रोलची टाकी उतरवून लांब, उघड्यावर ठेवा. नुसती रिकामी करून भागत नाही, कारण द्रव गेला तरी वाफ उरते, ती हवेत मिसळते आणि पेटते ती वाफच. ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती जमिनीलगत पसरते. खुद्द टाकीला भोक असेल तर ते काम घरी कधीही करू नका. आसनं, मॅट, नमदा, फोम काढा. पत्र्याखालून जाणाऱ्या इंधनाच्या नळ्या, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग हातानं चाचपून शोधा आणि बाजूला घ्या. बॅटरीची दोन्ही टोकं सोडा. फ्रेमचे कोनाडे खरवडून साफ करा. गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीच शिरू नका; मजबूत स्टँड लावा.

कुठवर कुजलं आहे ते शोधा. फोड दिसतो रुपयाएवढा, आतला गंज असतो ताटाएवढा. हातोडीनं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. खालच्या चॅनेललाही ठोकून बघा; चॅनेल गेलं असेल तर वर नवा पत्रा लावून उपयोग नाही. ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. जिथे ते दिसत नाही तिथवर कापा. या पायरीवर पत्रा वाचवण्याचा मोह होतो. तो आवरा.

पत्रा साधा सीआर, म्हणजे जस्ताचा थर नसलेला घ्या, मूळ जाडीचा. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो नीट बसला की पत्र्यावर आखा. फट जितकी मोठी तितकी भोकं जास्त.

एवढ्या पातळ पत्र्याला सीओटू मशीन आणि ०.८ मिलिमीटरची तार सोयीची. फक्त समुद्राचा वारा त्याचा वायू उडवून नेतो आणि सांध्यात बारीक छिद्रं राहतात, म्हणून आडोसा करा. धुराला वाट मात्र मोकळी ठेवा. आर्कच वापरायचा असेल तर दोन मिलिमीटरचा रॉड आणि चाळीस ते साठ अँपिअरपासून सुरुवात करा. कापून काढलेल्या पत्र्यातला चांगला तुकडा सरावाला घ्या. अर्थिंगचा चिमटा सांध्याजवळ, घासलेल्या लोखंडावर लावा.

सलग रेघ ओढू नका. एक टाका इथे, दुसरा समोरच्या कडेला, तिसरा कोपऱ्यात. बोटभर अंतरानं टाके पडले की थांबा, पत्र्याला हात लावता येईल इतका गार होऊ द्या, मग मधल्या जागा भरा. घाई केली की पत्रा तापून पापडासारखा वाकतो आणि तो परत सरळ होत नाही.

अंगावर जाड सुती कपडे हवेत; टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. पँटचे पाय दुमडू नका, ठिणगी दुमडीत अडकते. चामडी हातमोजे आणि बंद बूट घाला. ग्राइंडरचं गार्ड काढू नका, गॉगल विसरू नका. डोळ्यांना वेल्डिंग लागलं की ते काही तासांनी, बहुधा रात्री कळतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बघायला उभ्या राहिलेल्या मुलांनाही ते लागतं, म्हणून त्यांना आधी घरात पाठवा.

एकट्यानं काम करू नका. एक माणूस फक्त खाली बघायला हवा. त्याच्या हाताशी वाळूची दोन घमेली आणि पावडरचं अग्निशामक असू द्या. काम संपल्यावरही तासभर गाडीपाशी थांबा. कोनाड्यात धुमसणारी ठिणगी माणसं जेवायला गेल्यावर पेट घेते.

आणि फ्रेमला, म्हणजे चॅसीला, नवशिक्यानं हात लावू नये. फ्लोअरचा सांधा चुकला तर पाय ओला होतो. चॅसीचा चुकला तर गाडी वळणावर दगा देते.

सांधे घासल्यावर दोन्ही बाजूंनी प्रायमर, कडांना सीलर, मग रंग. पाणी निघून जायची मूळ भोकं बुजली नाहीत ना, ते पाहा. आमची मी आधी ठिगळाखाली बुजवली होती. मिस्त्रींनी ती परत पाडायला लावली.

गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर मी गाडीत टॉर्च घेऊन बसलो आणि फ्लोअरचा कोपरा न् कोपरा पाहिला. माझ्या हातच्या पहिल्या सांध्याजवळ मोहरीएवढा तांबूस ठिपका होता. लगेच घासला, प्रायमर लावला, दोन दिवस वाळू दिला. बाबांनी विचारलं, "एवढ्याशा डागासाठी दोन दिवस गाडी उभी?" मी हो म्हणालो. रबरी मॅट मी परत घातलेली नाही. आता फ्लोअर उघडाच असतो आणि बाबा गाडीत बसण्याआधी त्याच्याकडे एकदा पाहून घेतात.